भिंतीतल्या ओव्हनच्या जोडीला स्टीम ओव्हन: निवडण्याआधी वाफेचा विचार

२०० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमधून ट्रे काढताना उघडं मनगट काही क्षण त्या हवेत असतं, तरी भाजत नाही. उकळत्या किटलीच्या तोंडाशी मात्र हात क्षणभरही धरवत नाही, आणि तिथली वाफ असते जेमतेम १०० अंशांची. निम्म्या तापमानाला जास्त चटका का बसतो हे एकदा नीट समजलं, की स्टीम ओव्हन कशासाठी घ्यायचा, कुठला घ्यायचा आणि भिंतीत कुठे बसवायचा हे ठरवणं बरंच सोपं होतं.

१ किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच पाण्याची, तापमान १०० अंशांवरच असताना, वाफ करायला आणखी सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेसातपट. शाळेत आपण ज्याला अप्रकट उष्मा म्हणून शिकलो तो हाच. वाफ गार पदार्थाला टेकली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि घेतलेली ही सगळी उष्णता ती तिथल्या तिथे सोडून देते. कोरडी गरम हवा असं काही करू शकत नाही. तिच्यातली उष्णता थोडी असते आणि ती पदार्थाला सावकाश मिळते.

कोरड्या ओव्हनमध्ये आणखी एक गोष्ट घडते, जी सहसा लक्षात येत नाही. पदार्थाचा पृष्ठभाग ओला असेल तर त्यावरचं पाणी सतत उडत असतं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. म्हणून ओव्हनच्या पडद्यावर १७० अंश दिसत असले तरी मांसाच्या तुकड्याचा ओला पृष्ठभाग बराच वेळ १०० अंशांच्या खालीच असतो. तो सुकला की मगच तापमान वर चढतं. ओव्हनमध्ये वाफ सोडली की हे बाष्पीभवन मंदावतं. पदार्थ सुकत नाही, आणि उष्णता आतपर्यंत लवकर पोहोचते. आदल्या दिवशीचा भात स्टीम ओव्हनमध्ये गरम केला की मऊ राहतो आणि कोरड्या ओव्हनमध्ये त्याच्या कडा वाळतात, त्याचं कारण हे आहे.

मग कोरडा ओव्हन ठेवायचाच कशाला?

कारण वाफ १०० अंशांवर थांबते आणि खमंगपणा तिथून बराच पुढे सुरू होतो. प्रथिनं आणि साखर यांच्यातली जी रासायनिक प्रक्रिया पदार्थाला तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास देते, ती माय्यार प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. त्यासाठी पृष्ठभाग कोरडा लागतो. नुसत्या वाफेत कोंबडी पूर्ण शिजेल, रसदार राहील, पण पांढरटच राहील. बिस्किटं, पेस्ट्रीचे पापुद्रे, कुरकुरीत साल, चीजवरचा तपकिरी थर ही कोरड्या उष्णतेचीच कामं आहेत.

म्हणून या दोघांत स्पर्धा लावू नये. वाफ आतून शिजवते आणि ओलावा राखते, तर कोरडी हवा वरून भाजते. पावाला तर दोन्ही लागतं. पहिल्या १०-१५ मिनिटांत वाफ असली की कणकेचा वरचा थर ओला आणि लवचिक राहतो, पाव मनसोक्त फुगतो, पृष्ठभागावरचा स्टार्च शिजून पुढे चकाकी येते. त्यानंतर मात्र वाफ काढून टाकावी लागते. नाहीतर कवच जाडसर आणि चिवट होतं.

स्टीम ओव्हन म्हणून काय काय विकलं जातं

दुकानात स्टीम ओव्हन या एकाच नावाखाली निदान तीन वेगळी यंत्रं ठेवलेली असतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त निराशा इथेच होते.

पहिलं, निव्वळ स्टीम ओव्हन. तापमान साधारण ४० ते १०० अंश. भाज्या, मासे, अंडी, भात, कस्टर्ड, कणीक फुगवणं, गोठवलेलं वितळवणं ही त्याची कामं, आणि ती तो उत्तम करतो. भाजू मात्र शकत नाही.

दुसरं, वाफेची जोड असलेला नेहमीचा ओव्हन. तळाच्या खळग्यात किंवा छोट्या टाकीत थोडंसं पाणी घालायचं आणि भाजताना त्याचा ओलावा मिळतो. पावाला आणि मोठ्या भाजणीला याचा फायदा होतो. पण या ओव्हनमध्ये भाज्या वाफवता येतील अशी अपेक्षा ठेवली तर पदरी काही पडत नाही, कारण सगळी पोकळी वाफेने भरून ठेवण्याइतकी वाफ तो करतच नाही.

तिसरं, कॉम्बी स्टीम ओव्हन. यात पूर्ण वाफ, पंख्याची कोरडी गरम हवा, आणि दोघांचं हवं तसं मिश्रण मिळतं, साधारण ३० ते २३० अंशांपर्यंत. मुळात हे हॉटेलांच्या मोठ्या स्वयंपाकघरांतलं यंत्र. जर्मनीच्या रॅशनल कंपनीने १९७६ मध्ये असा कॉम्बी आणला आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तो घराच्या आकारात आला.

कॉम्बीमध्ये मायक्रोवेव्हही जोडलेलं मॉडेल मिळतं. जागा फारच कमी असेल तर त्याचा विचार करावा, पण एक यंत्र दुरुस्तीला गेलं की तिन्ही सोयी एकदम बंद होतात हे धरून चाला.

भिंतीत मोठा कोरडा ओव्हन असणारच आहे, तर त्याच्या जोडीला कुठला घ्यावा? माझं मत कॉम्बीच्या बाजूने आहे, तेही ४५ सेंटिमीटर उंचीच्या, पूर्ण वाफ देणाऱ्या मॉडेलच्या. एरवी निम्मा वेळ रिकामा राहणारा दुसरा कप्पा मग रोज वापरात येतो. दोन जणांच्या जेवणासाठी ७० लिटरचा ओव्हन तापवावा लागत नाही, आणि मोठी बैठक असेल तेव्हा खरोखर दोन ओव्हन हाताशी असतात. शेजारचा मोठा ओव्हन मग साधा घेतला तरी चालतो. त्यात चांगलं ग्रिल, एकसारखी उष्णता आणि साफ करायची सोय एवढं पाहावं. त्यातही वाफेची जोड घेणं म्हणजे एकच काम दोन यंत्रांना देणं, आणि दुप्पट क्षार घासत बसणं. अपवाद एवढाच, की ज्यांना भाजण्यात रसच नाही आणि रोज वाफवूनच खायचं आहे त्यांनी निव्वळ स्टीम ओव्हन घ्यावा. त्याला वीज कमी लागते, आत तेलाचे शिंतोडे करपत नाहीत, पुसणं सोपं जातं.

माहितीपत्रकात आर्द्रतेचे टक्के दिलेले असतात. हवामानाच्या बातमीतल्या सापेक्ष आर्द्रतेशी त्यांचा संबंध लावू नका, आणि एका कंपनीचे ६० टक्के दुसऱ्या कंपनीच्या ६० टक्क्यांशी ताडून पाहू नका. प्रत्येकाची मोजायची रीत वेगळी असते. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात: १०० अंशांना पूर्ण वाफ मिळते का, १०० अंशांच्या खाली, म्हणजे ६०-८० अंशांना, तापमान स्थिर राहतं का, आणि वरून ग्रिलची कॉइल आहे का. माशासाठी आणि कस्टर्डसाठी दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तिसऱ्याचं उत्तर अनेक कॉम्बींत नाही असंच मिळतं. तसं असेल तर शेजारच्या ओव्हनमध्ये ग्रिल असायलाच हवं.

ट्रेकडेही बघा. ४५ सेंटिमीटरच्या काही ओव्हनची आतली रुंदी मोठ्या ओव्हनएवढीच असते, म्हणजे तोच ट्रे इथून काढून तिथे सरकवता येतो. काहींना वेगळे, अरुंद, छिद्रांचे ट्रे लागतात. आधी वाफेत शिजवून मग शेजारी भाजायचं असेल, तर ट्रे दोन्हीकडे बसणं ही रोजची सोय आहे.

पाणी कुठून येणार

वाफ किती लागते याचा एक छोटा हिशेब करू. १ ग्रॅम पाण्याची १०० अंशांवर साधारण १.६७ लिटर वाफ होते. म्हणजे ४५ लिटरची पोकळी एकदा भरायला २७ ग्रॅम पाणी पुरतं, जेमतेम दोन मोठे चमचे. पण वाफ सतत पदार्थावर आणि भिंतींवर निवत राहते, थोडी बाहेरही जाते, म्हणून ओव्हन ती पुन्हा पुन्हा तयार करत राहतो. २ किलोवॅटच्या हीटरने सगळी ताकद फक्त वाफेसाठी लावली, तरी २० अंशांचं पाणी घेऊन तासाला सुमारे पावणेतीन लिटरपेक्षा जास्त पाण्याची वाफ होऊ शकत नाही. प्रत्यक्षात हीटर थांबत-थांबत चालतो आणि पाणी याहून बरंच कमी लागतं. म्हणूनच घरगुती ओव्हनला १ ते दीड लिटरची टाकी पुरते.

टाकी की थेट नळ, हा निर्णय सुताराने कपाट बनवायच्या आधी घ्यावा लागतो. टाकीचा ओव्हन कुठेही बसतो, पाणी आपल्या पसंतीचं भरता येतं आणि गळतीचा धोका नगण्य. रोज भरायची आणि रिकामी करायची सवय मात्र लागते. नळाला जोडलेला ओव्हन भरावा लागत नाही, उरलेलं पाणी स्वतःच सोडून देतो, लांबलचक मंद शिजवणं मध्येच थांबत नाही. पण त्याला पाण्याची जोडणी हवी, सांडपाण्याची हवी, बहुधा फिल्टरही हवा, आणि भविष्यात तो हलवणं अवघड. घर भाड्याचं असेल किंवा ओव्हनची भिंत सिंकपासून लांब असेल, तर टाकीच बरी. आठवड्यातून चार-पाच दिवस तो चालणार याची खात्री असेल, तर नळजोडणीचा खटाटोप करण्यासारखा आहे.

आता पाण्याच्या प्रतीबद्दल, कारण स्टीम ओव्हनचं आयुष्य बहुतेक यावरच ठरतं. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. पाण्याचा कठीणपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर १०० लिटर पाण्याची वाफ होईपर्यंत सुमारे ३० ग्रॅम क्षार यंत्रात साचू शकतात. हा थर उष्णता अडवतो, नळ्या बुजवतो, तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर बसतो. ओव्हन अधूनमधून क्षार काढायची आठवण करतो आणि ते टाळलं तर बरीच मॉडेलं वाफेचा कार्यक्रमच बंद करतात. पण ही आठवण किती दिवसांनी करायची हे तो आपण भरलेल्या आकड्यावरून ठरवतो. म्हणून कठीणपणा तपासायची कागदी पट्टी पाण्यात बुडवून खरा आकडा भरावा. पुस्तिकेत तो जर्मन अंशांत विचारला असेल तर १ अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम असं धरा.

क्षार निदान दिसतात. क्लोराइड दिसत नाही, आणि नुकसान तेच जास्त करतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. क्लोराइड हा थर ठिकठिकाणी भेदतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. पाणी मृदू करणारं यंत्र कॅल्शियमच्या जागी सोडियम आणून ठेवतं, क्लोराइड कमी करत नाही. खारट चवीचं पाणी असेल तर ते मृदू केलं म्हणून सुरक्षित झालं असं समजू नका.

मग शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणीच भरलं तर? क्षार साचणार नाहीत हे खरं, पण काही ओव्हनमधले सेन्सर पाण्यातून वीज वाहते की नाही यावरून टाकी भरली आहे हे ओळखतात. अशा ओव्हनला अगदी शुद्ध पाणी दिलं तर तो टाकी रिकामी असल्याचं सांगत राहतो. आरओच्या पाण्याचंही थोडंफार असंच होऊ शकतं. कुठलं पाणी चालतं हे प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि ते पान ओव्हन खरेदी करण्याआधी वाचावं. आपल्याकडे येणारं पाणी त्या मॉडेलला चालत नसेल तर मॉडेल बदलणं सोपं, पाणी बदलणं कठीण.

वाफ कशी तयार होते याकडेही लक्ष द्या. काही ओव्हनमध्ये पोकळीच्या तळाशी उघडी थाळी असते. क्षार तिथे डोळ्यांना दिसतात आणि पुसता येतात. काहींमध्ये पोकळीबाहेर छोटा बॉयलर असतो. त्यातली वाफ लवकर आणि नेमकी मिळते, आतला तळ मोकळा राहतो, पण क्षार काढायचे तर कंपनीने सांगितलेलं द्रावण फिरवण्याशिवाय मार्ग नाही. कठीण पाण्याच्या घरात मी थाळीच्या बाजूने झुकेन.

वाफ कुठे जाणार

ओव्हनमधून निघालेली वाफ भिंतीत जिरत नाही. बहुतेक घरगुती मॉडेलं ती पुढच्या बाजूने, दार आणि बटणांच्या पट्टीमधल्या फटीतून, थंड हवेत मिसळून बाहेर सोडतात. त्यातून दार उघडलं की आत असेल ती सगळी एकदम बाहेर येते. शेगडीवरचा एक्झॉस्ट दोन मीटर अंतरावरून ती ओढू शकत नाही.

जागा ठरवताना म्हणून पहिला प्रश्न उंचीचा. स्टीम ओव्हन डोळ्यांच्या रेषेत किंवा त्याहून वर बसवू नये. दार उघडताच वाफ वर चढते आणि थेट तोंडावर येते. शिवाय वाफवलेल्या ट्रेमध्ये कढत पाणी साचलेलं असतं. खांद्यावरच्या उंचीवरून असा ट्रे ओढला तर आतलं पाणी दिसत नाही आणि ते कलंडून हातांवर येतं. व्यावसायिक कॉम्बींवर १.६ मीटरपेक्षा उंच कप्प्यात द्रव पदार्थांची भांडी ठेवू नका असा इशारा चिकटवलेला असतो, तो याचसाठी. घरात सर्वात कमी उंचीच्या, रोज ओव्हन वापरणाऱ्या व्यक्तीला भिंतीसमोर उभं करा आणि वरची जाळी तिच्या खांद्याच्या खाली येईल अशी खूण करा. टाकी बहुधा ओव्हनच्या वरच्या भागात असते. भरलेली टाकी न सांडता आत सरकवता यायला हवी, हेही त्याच खुणेवर तपासून होतं.

भिंत पुरेशी लांब असेल तर दोन्ही ओव्हन शेजारी-शेजारी, कंबर ते छातीच्या उंचीवर बसवावेत. दोघांचाही ट्रे डोळ्यांखाली राहतो, आणि एकातून दुसऱ्यात पदार्थ हलवणं सहज होतं. एकावर एक बसवणं भाग असेल तर मोठा ओव्हन खाली आणि स्टीम ओव्हन वर, असं बहुतेक ठिकाणी जमतं. पण तेव्हा खालचा फार खाली जातो, आणि जड ट्रे वाकून काढावा लागतो. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तडजोड करावीच लागते. माझ्या मते ती खालच्या ओव्हनच्या खर्चाने करावी. वाकणं त्रासाचं असतं, तोंडावर वाफ येणं धोक्याचं.

दोन कंपन्यांचे ओव्हन एकावर एक ठेवताना एक गोष्ट विशेष पाहा. उच्च तापमानाला स्वतःला जाळून साफ करणारा पायरोलिटिक ओव्हन आतून ५०० अंशांच्या आसपास तापतो. त्याच्या वर कुठलं यंत्र चालेल आणि मध्ये किती अंतर हवं हे त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट दिलेलं असतं. दुकानदाराने तोंडी दिलेल्या हमीवर अवलंबून राहू नका. दोन्ही पुस्तिकांतली आकृती समोर ठेवा आणि दोघींच्या अटी पाळल्या जातात का ते बघा.

कपाटाच्या बाबतीत खरी दुखरी जागा म्हणजे कडा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्या) लॅमिनेट लावलेल्या पृष्ठभागावरून पाणी पीत नाहीत, कापलेल्या कडेतून पितात. ओव्हनच्या लगतचे शटर, त्याच्या वरच्या फळीची खालची बाजू, खाचेच्या आतल्या कापलेल्या कडा या सगळ्यांवर एजबँड (कडेला चिकटवायची पट्टी) किंवा पाणी न शोषणारा थर हवा. आतल्या कडा दिसत नाहीत म्हणून सुतार त्या तशाच सोडतो, आणि त्याच सगळ्यात आधी फुगतात. दर्शनी भाग कपाटाच्या रेषेत सपाट बसवायचा असेल तर वाफ बाजूच्या शटरच्या कडेवर आदळते. तिथे कंपनीने सांगितलेली फट मिलिमीटरपर्यंत पाळावी लागते. ओव्हनच्या वर पुढे आलेला कप्पा नसावा, आणि वीजेचं सॉकेट तर नसावंच.

दाराचाही विचार करा. खाली उघडणारं दार आपल्या आणि ट्रेच्या मध्ये येतं, आणि ट्रेवर वाकताना वाफ अंगावर येते. बाजूला उघडणारं दार मिळत असेल तर स्टीम ओव्हनसाठी ते अधिक बरं. मात्र बिजागरी ओट्याच्या विरुद्ध बाजूला हवी, नाहीतर ट्रे ठेवायच्या जागेच्या आणि आपल्या मध्ये दार उभं राहतं.

खाच, वीज, नळ

युरोपीय मापाच्या ओव्हनसाठी खाचेची आतली रुंदी ५६० ते ५६८ मिमी, खोली किमान ५५० मिमी, उंची मोठ्या ओव्हनला ५९०-६०० मिमी आणि लहानाला सुमारे ४५० मिमी लागते. उत्तर अमेरिकेत भिंतीतले ओव्हन २४, २७ किंवा ३० इंच रुंदीचे असतात. तिथे ३० इंची ओव्हनच्या जोडीला स्टीम ओव्हन बऱ्याचदा २४ इंचीच मिळतो आणि मधली जागा भरायला बाजूच्या पट्ट्या लावाव्या लागतात. दोघांच्या मध्ये मजबूत फळी हवी, आणि त्या फळीला मागच्या बाजूने हवा वर जाण्यासाठी मोकळी जागा हवी. मागची बाजू पूर्ण बंद केली तर थंड करणारा पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो.

वीजेत तडजोड नको. साडेतीन किलोवॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर सुमारे १५ अँपिअर घेतो. असे दोन एकाच १६ अँपिअरच्या सर्किटवर चालणार नाहीत. प्रत्येकाला पॅनेलपासून वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) द्या, आणि दोघांना मिळून ३० मिलिअँपिअरच्या वीजगळतीला तुटणारं गळतीरोधक संरक्षण असू द्या. प्लग ओव्हनच्या थेट मागे नको. तिथे खोलीही पुरत नाही आणि गरजेला हातही पोहोचत नाही. तो शेजारच्या कपाटात घ्यावा. बरेच दिवस बंद पडून असलेला ओव्हन सुरू करताच गळतीरोधक पडला, तर हीटरच्या आतल्या भुकटीने दमट हवा शोषली असण्याची शक्यता असते. स्विच पुन्हा पुन्हा वर करत बसण्यापेक्षा इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

नळाची जोडणी असेल तर बंद करायचा कॉक शेजारच्या कपाटात हवा, ओव्हनच्या मागे कधीच नको. गळती सुरू झाल्यावर ४० किलोचा तापलेला ओव्हन ओढून कोणी कॉक फिरवू शकत नाही. सांडपाण्याच्या नळीची सर्वात जास्त उंची प्रत्येक मॉडेलला ठरलेली असते, ती ओलांडली की वापरलेलं पाणी मागे येतं. ते पाणी गरम असतं, म्हणून जोडणीचा पाइप उष्णता सोसणारा हवा आणि वास येऊ नये म्हणून मध्ये ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारं वळण, हवा. ओव्हनच्या खाली कडा असलेला उथळ ट्रे ठेवला तर ठिबकणारं पाणी फळीत मुरण्याआधी दिसतं.

ही सगळी माहिती सुतार, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन या तिघांना एकाच कागदावर द्या: दोन्ही ओव्हनचे नेमके मॉडेल क्रमांक, खाचेची आकृती, सॉकेटची जागा, कॉकची जागा. सर्वसाधारण मापं देऊन कपाट करून घेतलं आणि मॉडेल नंतर निवडलं, तर दोन-चार मिलिमीटरसाठी तयार कपाट कापावं लागतं.

पहिल्यांदा सुरू करताना

ओव्हन स्वयंपाकाला लावण्याआधी कठीणपणाचा आकडा भरा. काही मॉडेलं समुद्रसपाटीपासूनची उंचीही विचारतात किंवा पहिल्या उकळीवर स्वतःच ओळखतात. दर ३०० मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण १ अंशाने उतरतो, म्हणजे १,५०० मीटरवर वाफ ९५ अंशांचीच मिळते आणि शिजायला तितका जास्त वेळ लागतो. ही पहिली उकळी मध्येच दार न उघडता पूर्ण होऊ द्या, तापमानाची जुळवणी त्यावरच होते.

मग रिकामा ओव्हन कोरड्या उष्णतेवर तापवून कारखान्यातला तेलकट वास घालवा, आणि त्यानंतर पूर्ण वाफेवर अर्धा तास चालवा. या अर्ध्या तासात शेजारच्या शटरच्या कडांवर, वरच्या फळीच्या खालून आणि मागच्या भिंतीवर हात फिरवून बघा. कुठे ओल लागली तर फट किंवा एजबँड आत्ताच दुरुस्त करून घ्या, सुतार अजून येण्याजाण्यात आहे तोवर. शेजारचा मोठा ओव्हन २०० अंशांना लावून दोन्ही एकदम चालवा आणि एमसीबी टिकतो का पाहा. नळजोडणी असेल तर ओव्हनखालचा ट्रे दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, कारण बारीक गळती तासाभरात दिसत नाही.

रोजच्या वापरात दार आधी बोटभर उघडून बाजूला उभं राहा, वाफ जाऊ द्या, मग पूर्ण उघडा. काम झालं की तळाचं पाणी स्पंजने टिपा, रबराची सील पुसा, टाकी रिकामी करा, आणि आतला भाग कोरडा होईपर्यंत दार थोडं उघडं ठेवा. दार असं अर्धवट उघडं असताना येण्याजाण्याच्या वाटेत येतं का, शेजारचं कपाट त्याला अडतं का, हे नकाशावरच पेन्सिलने काढून पाहा.